स्टिअरिंगकडे परतलेला माणूस आणि आपली समीक्षा

दलित आत्मकथनांच्या समीक्षेने एक वाट गृहीत धरली आहे. गावकुसाबाहेरून शाळेकडे आणि शाळेतून नोकरीकडे. या वाटेवर मागे वळलेला माणूस भेटला की आपण गप्प होतो, नाहीतर त्याला पराभूत ठरवून मोकळे होतो. हे मला एखाद्या पुस्तकाने शिकवले नाही. ते मला घरातच कळले.

आम्ही भवानी पेठेतल्या काशेवाडीचे. माझा थोरला भाऊ एकविसाव्या वर्षापासून सात वर्षे ट्रक चालवत होता. पुढे तो चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. आधी त्याच्या भत्त्यातून आणि मग त्या पगारातून माझे शिक्षण झाले. घरातला पहिला पदवीधर मी. कारखान्यात तो सोळा वर्षे राबला, पण कायम झाला नाही. ठेका बदलला आणि दादा पुन्हा ट्रकवर गेला. परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले की चाचणी नव्याने द्यावी लागते. पंचेचाळिशीत त्याने ती दिली.

त्यानंतर तीन महिन्यांनी एका परिसंवादात मी बोललो. खेप नव्हती म्हणून दादा ऐकायला आला होता. कोणीतरी विचारले, "भाऊ काय करतात?" मी म्हणालो, "कंपनीत आहेत." दादा शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही.

'बलुतं' (१९७८) मध्ये दया पवारांनी एकाच माणसाचे दोन भाग केले: बोलणारा दगडू आणि ऐकणारा दया पवार. समीक्षेला या रचनेत दुभंगलेले मन दिसले, ते योग्यच आहे. पण आज ही फूट अनेक घरांत दोन भावांमध्ये पडली आहे. एक व्यासपीठावरून वेदनेवर बोलतो; दुसरा मार्केट यार्डात गाडी खाली होण्याची वाट पाहत केबिनमध्ये पाय मुडपून झोपतो.

'गोलपिठा' (१९७२) लिहिणारे नामदेव ढसाळ मुंबईत टॅक्सी चालवत, हे आपण अभिमानाने सांगतो. पण टॅक्सी ही मागे टाकलेली पायरी म्हणूनच सांगतो. ढसाळ कवी झाले नसते, तर हा अभिमान आपल्याला वाटला असता काय?

वाहन कोणाच्या हाती असावे, हा आपल्या इतिहासातला साधा प्रश्न नाही. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, पण तो हाकायला बसला तो आपल्यातला माणूस. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेबांचा पाय मोडला. नकार हा तिथला एक अन्याय. लगाम धरण्याची विद्याच आपल्या हाताला लागली नव्हती, हा दुसरा. म्हणून स्टिअरिंग ही मला कमावलेली विद्या वाटते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार भरल्या गाडीने कोणत्या गिअरमध्ये उतरायचा, हे सोळा वर्षांनंतरही दादाच्या हातापायांना ठाऊक होते.

मात्र या विद्येचे गोडवे गाऊन चालणार नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले होते. दादाच्या हिशेबात मात्र तास नसतात, खेपा असतात. जानेवारी २०२४ मध्ये, अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या तरतुदीविरुद्ध ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा कुठे मध्यमवर्गाला ड्रायव्हर दिसला. त्या मध्यमवर्गात आता मीही आहे.

परतलेल्या माणसाला पराभूत म्हटले की सोळा वर्षे राबवून कायम न करणारी व्यवस्था सहीसलामत सुटते. दोष माणसाच्या खाती जमा होतो. 'मागे आला' असे म्हणताना आपण नोकरीला पुढे आणि कष्टाला मागे ठेवतो. ही उतरंड आपण कोणाकडून उसनी घेतली? नकाराची भाषा करणाऱ्या समीक्षेने प्रथम हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे.

दादाची क्षमा मी अजून मागितलेली नाही. हा लेख त्याला वाचून दाखवणार आहे. तो म्हणेल, "एवढं लिहिण्यापेक्षा तेव्हाच खरं बोलला असतास तर?" ही समीक्षा मला मान्य आहे.