पोपमहोदयांचा कोट आणि मरियामातेची साडी

मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे एक चित्र जगभरच्या मोबाईलवर फिरले. अंगात पायघोळ, फुगीर, पांढराशुभ्र, एखाद्या उंची फॅशनगृहातून मागविल्यासारखा थंडीचा कोट. छातीवर क्रूस, डोक्यावर पांढरी टोपी, हातात कसलासा पेला. लाखो लोकांनी ते छायाचित्र समजून पाहिले. वस्तुतः शिकागोतील एका तरुणाने ‘मिडजर्नी’ नावाच्या संगणकीय प्रणालीला थोडक्या शब्दांत सूचना देऊन ते घडविले होते, आणि तेही केवळ गंमत म्हणून. पुढे जी चर्चा झाली ती फसवणुकीची. ते चित्र ‘चित्र’ म्हणून कसे आहे, हे फारसे कोणी विचारले नाही.

चित्र म्हणून ते आकर्षक आहे, हे मान्यच करावे लागेल. पोपमहोदयांच्या झग्याचा पांढरा रंग त्या कोटाने उचलला आहे. त्यामुळे डोळ्याला काही खटकत नाही. कापडाच्या घड्या, त्यांवरचा प्रकाश, चालतानाचा डौल, सारे बेतशीर आहे. परंतु क्षणभर थांबून पाहावे. क्रुसाची साखळी एका बाजूने खाली येते, दुसऱ्या बाजूला ती नाहीच. पेला धरणारी बोटे पेल्याला नीट धरीत नाहीत. चष्म्याची कड गालावरच्या सावलीत विरघळते. ज्याने मानवी हात कधी रेखाटला आहे, त्याला ही बोटे तत्काळ सलतील. मग आपल्याला ती का सलली नाहीत? चित्र तळहाताएवढ्या पडद्यावर आले, मागेपुढे शेकडो चित्रे होती आणि अंगठा पुढे सरकायला अधीर होता. चित्रातील उणिवा पाहणाऱ्याच्या घाईने झाकल्या.

याहून मोठी उणीव आशयात आहे. २०१३ मध्ये निवड झाल्यावर पोप फ्रान्सिस प्रासादात न राहता सांता मार्ता अतिथिगृहात राहिले; पायांत साधे काळे बूट आणि गळ्यात चांदीचा क्रूस त्यांनी कायम ठेवला. त्यांचा साधेपणा हीच त्यांची शिकवण होती. यंत्राने नेमक्या त्याच ठिकाणी श्रीमंती चढविली. कोणी ते पाहून प्रेमाने हसले. कोणाला मात्र ‘पाहा, ख्रिस्तसभेचे वैभव!’ असे म्हणायला आयता पुरावा मिळाला. एका निरुद्देश गमतीतून असा एक अभिप्राय जन्मला, की ज्याचा धनी कोणीच नव्हता.

पूज्य व्यक्तीला अनोळखी वस्त्र नेसविण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. गोव्यातील सांतइस्तेव्ह येथे १९०२ मध्ये जन्मलेले आणि बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर यांच्याकडे शिकलेले अँजेलो द फोन्सेका यांनी मरियामातेला साडी नेसविली. त्यांची मरिया सावळी, आपल्या मातीतली. पोर्तुगीज अमदानीतील गोव्याला ते रुचले नाही. टीका झाली, विरोध झाला आणि फोन्सेका पुण्यात येऊन राहिले. (या कॅथलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो अँग्लिकनांनी स्थापिलेल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, ही गोष्ट आपण सहसा सांगत नाही.) १९६७ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्या साडीमागे एक श्रद्धाविधान होते: प्रभूची माता कोणत्याही एका खंडाची नव्हे. त्या विधानाची किंमत चित्रकाराने स्वतः मोजली. त्यांच्यावर रागावलेल्या लोकांनाही कोणावर रागवायचे ते ठाऊक होते. कोटाच्या बाबतीत तीही सोय उरलेली नाही.

ही अनामिकता राजकारणाला किती सोयीची आहे, हे मे २०२५ मध्ये दिसले. पोप फ्रान्सिस यांच्या अंत्यविधीला जेमतेम आठवडा लोटला होता, नव्या निवडीसाठी कार्डिनल अजून एकत्र बसायचे होते. तोच अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या खात्यावरून त्यांना पोपच्या वेषात दाखविणारे यंत्रनिर्मित चित्र प्रसृत झाले. व्हाइट हाऊसच्या खात्यानेही ते पुढे पाठविले. न्यूयॉर्क राज्यातील बिशपांनी निषेध नोंदविला. ट्रम्प यांनी सांगितले की ती गंमत होती आणि ते कोणी केले हे आपल्याला ठाऊक नाही. जगातील सर्वांत बलाढ्य कचेरीतून निघालेल्या चित्राला कर्ताच नाही! व्यंगचित्रकार निदान आपली सही तरी करतो.

आपल्या घरांतील विद्यार्थी या साऱ्यापासून दूर नाहीत. मार्च २०२५ च्या अखेरीस जपानी ‘घिब्ली’ चित्रपटांच्या शैलीत स्वतःची छायाचित्रे बदलून घेण्याची लाट आली, तेव्हा कौटुंबिक सोहळ्यांचे फोटोही त्या गुलाबी गालांच्या छटेत न्हाऊन निघाले. त्या शैलीमागे चित्रकारांची हाताने चित्रे काढण्यात गेलेली आयुष्ये आहेत, हे किती जणांनी मुलांना सांगितले? नाताळच्या शुभेच्छापत्रासाठी गोठ्याचे चित्र हवे असेल, तर तेही आता क्षणात मिळते. ते सुबकही असते. पण ते करताना मेंढपाळ कोठे उभा करावा, गाईचे तोंड बाळाकडे असावे की नसावे, हा प्रश्न मुलाला पडतच नाही. माझ्या मते हरवते ते नेमके हेच.

यात माध्यमाला शाप देण्याचा हेतू नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित झालेला कार्लो आक्युतिस पंधराव्या वर्षी वारला. तत्पूर्वी ख्रिस्तशरीराशी निगडित चमत्कारांची माहिती गोळा करून ती संगणकाद्वारे जगापुढे ठेवण्याचे काम त्याने केले. साधन तेच होते. परंतु वेचणे, पारखणे, मांडणे हे त्याचे स्वतःचे होते.

जानेवारी २०२४ मध्ये, जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या आपल्या संदेशात, पोप फ्रान्सिस यांनी अशा बनावट प्रतिमांचा विषय आपणही झालो असल्याचे नमूद केले. कोटाचा उल्लेख त्यांनी केला नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या रविवारी तो कोट आणि फोन्सेकांची मरिया शेजारी शेजारी ठेवावी. मुलांना प्रथम क्रुसाची तुटकी साखळी शोधायला सांगावी. खेळ म्हणून ती रमतील. मग साडीकडे वळून विचारावे, ही कोणी नेसविली आणि का? या प्रश्नावर तास अपुरा पडेल.