माणिक, नील आणि कुरुविंद

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वास्तू १८८१ साली खुली झाली. तेथील खनिजदालनात नमुन्यांचा क्रम रासायनिक घटकांवरून लावलेला आहे. जवाहिऱ्याच्या लेखी माणिक व नील ही दोन भिन्न रत्ने. खनिजशास्त्राच्या लेखी ती ॲल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे कुरुविंदाचीच, दोन रूपे होत. पहिल्याची लाली क्रोमियमच्या अंशामुळे, दुसऱ्याची निळाई लोह व टिटॅनियम यांच्यामुळे येते. यावरून लोकभाषेतील रत्ननामे भ्रामक होत, असा निष्कर्ष सहज निघतो. तो चिंत्य आहे.

शास्त्रमान्य ‘कोरंडम’ ही संज्ञा मूळची भारतीय आहे. चार्ल्स ग्रेव्हिल याने १७९८ साली या खनिजावर निबंध लिहून ती रूढ केली. त्याचा संग्रह १८१० मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला व पुढे तो याच वास्तूत आला. तमिळमध्ये या खनिजास ‘कुरुंदम्’ म्हणतात. संस्कृत रत्नशास्त्रात मात्र ‘कुरुविंद’ ही माणकाची एक जात आहे. घासकामाचा दगड आणि रत्न यांना जोडणारा दुवा शब्दाने आधीच राखला होता, असे म्हणावे लागते.

तथापि सावधगिरी हवी. ‘वज्र’ व ‘अशनी’ ही दोन्ही इंद्रायुधाची नावे. आज मराठीत पहिल्याचा अर्थ हिरा, दुसऱ्याचा आकाशातून पडलेला पाषाण. काही अशनींत सूक्ष्म हिरे सापडतात, हा निव्वळ योगायोग होय. त्यास प्राचीन ज्ञानाचा पुरावा मानू नये. कुरुविंदाच्या प्रवासास लेखी आधार आहे, म्हणूनच तो विचारार्ह ठरतो.