माहितीचे कोठार आणि निर्णयाची कसोटी

‘बिझनेस इंटेलिजन्स प्रणाली’ हा शब्दप्रयोग आयबीएममधील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ साली आपल्या लेखाच्या शीर्षकात योजिला. समोर आलेल्या तथ्यांतील परस्परसंबंध ओळखून इष्ट हेतूच्या दिशेने कृतीस वळण देण्याचे सामर्थ्य, हा ‘इंटेलिजन्स’ शब्दाचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ होय. या अर्थात कृतीला प्रधान स्थान आहे. संघटनांतील अशा प्रणालींच्या यशाची पुढे जी मीमांसा झाली, तिच्यात मात्र कृती मागे पडून प्रणालीच केंद्रस्थानी आलेली दिसते.

या मीमांसेचा पाया विल्यम डिलोन व एफ्रेम मॅक्लीन यांनी १९९२ साली घातला. प्रणालीची गुणवत्ता, माहितीची गुणवत्ता, वापर, वापरणाऱ्याचे समाधान, व्यक्तीवरील परिणाम आणि संघटनेवरील परिणाम अशी सहा अंगे त्यांनी कल्पिली. २००३ सालच्या सुधारित मांडणीत सेवेच्या गुणवत्तेची भर पडली आणि दोन्ही परिणाम ‘निव्वळ लाभ’ या एका सदरात आले. विखुरलेल्या संशोधनास या मांडणीने शिस्त लावली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि ‘वापर’ हे अंग सर्वांत सुलभतेने मोजता येत असल्यामुळे अनुकरणकर्त्यांच्या हाती तेच यशाचे प्रमाण होऊन बसण्याचा धोका राहतो. वरिष्ठांच्या आज्ञेने दररोज उघडला जाणारा तक्ता वापरात असतो खरा; त्यामुळे एखादा निर्णय बदलला, असे मात्र सिद्ध होत नाही.

बार्बरा विक्सम व ह्यू वॉटसन यांचा २००१ सालचा अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. १११ संघटनांच्या या पाहणीत वरिष्ठांचा पाठिंबा, साधनसामग्री, वापरणाऱ्यांचा सहभाग व कुशल कार्यगट यांचे महत्त्व दिसून आले. परंतु माहितीच्या गुणवत्तेचे स्पष्टीकरण आपल्या प्रतिमानाबाहेरील घटकांतच अधिक आढळते, असा प्रांजळ निष्कर्षही अभ्यासकांनी नोंदविला. या निष्कर्षाकडे विशेष लक्ष देणे अगत्याचे आहे. ‘ग्राहक’ म्हणजे तिकीट विकत घेणारा की प्रत्यक्ष प्रवास करणारा, याविषयी दोन खात्यांत मतभेद असेल, तर तो कोणतेही यंत्र मिटवू शकत नाही. त्यास अधिकारवाणीने केलेला निवाडाच लागतो. शिवाय प्रश्नावल्या गेल्या त्या कोठाराचे व्यवस्थापक आणि माहिती पुरविणारे यांच्याकडे. कोठार भरणाऱ्यांची साक्ष मोलाची खरी; परंतु पंगत जेवून तृप्त झाली की नाही, हे त्यांनी सांगावयाचे नसते.

वस्तुतः रसेल अ‍ॅकॉफ यांनी १९६७ सालीच इशारा दिला होता. व्यवस्थापकास संबद्ध माहितीची उणीव जेवढी भासते त्याहून असंबद्ध माहितीचा अतिरेक त्याला अधिक जाचतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हवी ती माहिती हाती आल्यास निर्णय आपोआप सुधारतील, हे गृहीतही त्यांनी नाकारले.

या प्रतिपादनाचा प्रत्यय कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सच्या उदाहरणात येतो. २०१० साली युनायटेडमध्ये विलीन झालेली ही अमेरिकन कंपनी त्यापूर्वी १९८३ व १९९० साली दोनदा दिवाळखोरीच्या कायद्याच्या आश्रयास गेली होती. १९९४ साली गॉर्डन बेथ्यून यांच्या हाती सूत्रे आली. वेळपालनात कंपनी देशातील पहिल्या पाचांत आलेल्या महिन्याबद्दल प्रत्येक कर्मचाऱ्यास ६५ डॉलर देण्याची योजना १९९५ साली सुरू झाली. माहितीचे कोठार उभारण्यास प्रारंभ झाला तो १९९८ साली. हा क्रम अर्थपूर्ण आहे. कोणता प्रश्न सोडवावयाचा आणि उत्तर मिळताच कोणी हालचाल करावयाची, हे आधी ठरले होते. म्हणूनच पुढील विमान चुकण्याचा संभव असलेल्या प्रवाशांची वार्ता विमानतळावरील कर्मचाऱ्याच्या उपयोगी पडू शकली.

निर्णयाचा परिणाम बाजारातील चढउतारांपासून वेगळा काढणे दुष्कर आहे आणि म्हणूनच संशोधक उत्तरदात्यांच्या अभिप्रायावर विसंबतात, असा आक्षेप येथे संभवतो. तो रास्त आहे. तसेच एका यशस्वी कंपनीवरून नियम सिद्ध होत नाही, हेही खरे. तथापि कोणता निर्णय, कोणाकडून व केव्हा वेगळा घेतला जावा अशी अपेक्षा आहे, याची नोंद प्रणाली उभारण्यापूर्वी करणे अशक्य नाही. अशी नोंद असल्यास पुढील संशोधकास अभिप्रायाखेरीज आणखी एक पुरावा उपलब्ध होईल; ती नसल्यास यशाची मोजणी कोठाराच्या दाराशीच थांबेल.