किंमत आणि कस : कलामेळ्याची बातमी कशी वाचावी



दिल्लीच्या करोल बागेत सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात पुष्कळ मराठी माणसे आहेत. त्यांतल्या अनेकांची गावे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची. जुना दागिना आला की आधी तो काळ्या कसोटीवर घासतात, उमटलेल्या रेघेवर तेजाब लावतात, मग वजन आणि त्या दिवसाचा भाव धरून किंमत सांगतात. हा क्रम लक्षात ठेवा : आधी कस, मग किंमत. भाव वर्तमानपत्रात छापून येतो. कस मात्र दागिना हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

आता करोल बागेतून मेट्रो धरा, मंडी हाउसला गाडी बदला आणि ओखल्याला या. तिथल्या एनएसआयसी मैदानावर ‘इंडिया आर्ट फेअर’ भरतो. २००८ साली प्रगती मैदानात ‘इंडिया आर्ट समिट’ या नावाने तो सुरू झाला. त्याच्या बहुतेक बातम्यांत काय असते? गॅलऱ्या किती, पाहुणे कोण, कोणते चित्र कितीला गेले. चित्रात काय आहे, हे क्वचितच असते. म्हणजे कस लावलेलाच नाही. उलट किंमत हाच कसाचा पुरावा ठरतो. गणितात असे उत्तरावरून सूत्र सिद्ध केले, तर मी गुण देणार नाही.

असे का होते, ते समजून घ्या. पहिले कारण, मेळा ही मुळात बाजारपेठ आहे. गॅलऱ्या भाडे भरून जागा घेतात. तो खर्च विक्रीतूनच काढायचा असतो. दुसरे, बातमीदाराला त्याच संध्याकाळी मजकूर द्यायचा असतो आणि आयोजकांचे प्रसिद्धिपत्रक हाताशी असते. शेकडो कलाकृती एका दिवसात नीट पाहणे कोणालाच शक्य नाही. तिसरे, मेळ्यातल्या विक्रीचे आकडे बहुधा गॅलरीच सांगते. लिलावाची बोली सर्वांसमोर लागते; मेळ्यातला सौदा दोघांतच होतो. म्हणून दोन्ही आकडे एकाच वजनाचे मानू नका.

एक उदाहरण घ्या. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, १९२४ चा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, उत्तरायुष्य दिल्लीत. २००१ मध्ये ते गेले. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्यांचे १९७९ चे चित्र सुमारे २३.७ कोटी रुपयांना विकले गेले आणि मथळे झळकले. मात्र या आकड्यात लिलावगृहाचे शुल्कही धरलेले होते. पैसे चित्र विकणाऱ्याला मिळतात, चित्रकाराला नव्हे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३-अ मध्ये पुनर्विक्रीतला वाटा चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना देण्याची तरतूद आहे. विक्रमाच्या किती बातम्यांत तिचा उल्लेख दिसतो? आणि मूळ प्रश्न तर राहिलाच : रंगाचे थर चढवत, खरवडत गायतोंडे तो आतून उजळल्यासारखा पृष्ठभाग कसा घडवत? ते कळले, तर २३ कोटींचा आकडा विसरलात तरी चालेल.

बातमीदारी निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये याच मेळ्यात एका तक्रारीवरून पोलीस एका दालनात आले आणि तिथला कार्यक्रम थांबला. ही घटना आपल्याला बातमीदारांमुळेच कळली. घडलेले सांगणे हे बातमीचे काम. पाहिलेले सांगणे हे समीक्षेचे. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतली की नुकसान वाचकाचे होते.

ते नुकसान मी पाहिले आहे. एका वर्षी अभियांत्रिकीच्या माझ्या काही विद्यार्थ्यांना मेळ्याला नेले. परतताना विचारले, “काय आवडले?” चौघांनी किमती सांगितल्या. पाचवी म्हणाली, “सर, एका चित्रातला निळा रंग आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा होता, उन्हाने विटलेला.” तिला चित्रकाराचे नाव आठवत नव्हते. पण त्या दिवशी कस लावला तो तिनेच.

स्वाध्याय : कलामेळ्याची एखादी बातमी घ्या. किंमत, पाहुणे आणि गर्दी यांबद्दलची वाक्ये खोडा. उरलेल्या वाक्यांवरून एक तरी कलाकृती डोळ्यांसमोर उभी राहते का, ते पाहा. राहत नसेल, तर जवळच्या कोणत्याही प्रदर्शनात जा, एका चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहा आणि ती राहिलेली वाक्ये तुम्ही लिहा.