आकाराच्या हिशोबात राहून गेलेला काळ

जे. बी. एस. हॉल्डेन यांचा ‘ऑन बीइंग द राइट साइज’ हा १९२६ चा निबंध आजही आवर्जून वाचावा असा आहे. खोल खाणीत पडलेला उंदीर वाचतो, मग घोडा का वाचत नाही? लहान प्राण्याला वजनाच्या मानानं जास्त का खावं लागतं? हे सगळं ते फार सोपं करून सांगतात. पण माझी एक तक्रार आहे. या निबंधात आकार आहे, काळ नाही. गर्भ किती दिवस, पिल्लं किती, आयुष्य किती, हे प्रश्न तिथे येतच नाहीत.

ती जागा मग आपण एका सोप्या नियमानं भरतो: लहान प्राणी भराभर वितो नि लवकर मरतो, मोठ्याचं सगळं सावकाश. नियम खोटा नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, हत्तिणीला वीस-बावीस महिने लागतात. वजन सोळापट झालं की असे कालावधी ढोबळमानानं दुप्पट होतात.

पण पुण्यातच बघा ना. गटारातली मोठी घूस आणि संध्याकाळी झाडांवरून उडणारं मोठं फळखाऊ वटवाघूळ, दोघांचं वजन किलोच्या आसपास. घूस तीन-साडेतीन आठवड्यांत अर्धा डझन पिल्लं देते, तेही वर्षातून अनेकदा. वटवाघळाची मादी सुमारे पाच महिने गर्भ वाहते आणि वर्षाला एकच पिल्लू देते. उडताना जास्त ओझं परवडत नाही, हे एक. हॉल्डेन उड्डाणाबद्दल लिहितात, पण गर्भाचं ओझं धरत नाहीत. दुसरं म्हणजे, उडणारा प्राणी शिकाऱ्यांच्या तावडीत कमी सापडतो. मोठं झालेलं जनावर वर्षानुवर्षं जगणार असेल, तर घाई कशाला? सायबेरियात जेमतेम सात ग्रॅमचं एक वटवाघूळ किमान ४१ वर्षं जगल्याची नोंद आहे.

हा वाद पुस्तकी नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं उंदीर आणि फळखाऊ वटवाघळं एकाच ‘उपद्रवी’ यादीत घातली होती. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीनं गेली, आपल्या डोक्यातली मात्र अजून आहे. घुशी मारल्या तर काही महिन्यांत पुन्हा तेवढ्याच होतात. शंभर माद्यांची वसाहत मात्र वर्षाला फार तर शंभर पिल्लं देणार, आणि त्यातलीही सगळी जगत नाहीत. म्हणून त्यांचं झाड तोडण्याआधी प्राण्याचं वजन विचारू नका. त्याला वर्षाला पिल्लं किती होतात, ते विचारा.