थर्मामीटरचा प्रवास आणि डॉक्टरांचा धर्म

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनाची चर्चा आपल्याकडे बहुधा मसूर स्टेशन आणि बडोदा या प्रसंगांभोवतीच फिरते. 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने छापले. त्यातील डॉक्टरच्या प्रकरणाकडे मात्र आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते.

काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त आले होते. बाबासाहेबांनी ते या प्रकरणात घेतले. शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा आला, तोही वस्तीबाहेर. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परतीची वाटही तीच. दिव्याच्या उजेडात पारा पाहून त्याने न्यूमोनिया सांगितला, औषध पाठवले आणि पुन्हा पाहायला नकार दिला. बाई मेली.

या डॉक्टरने रोग्याला धर्माविषयी काही सांगितल्याचे पत्रात नाही. त्याला तशी गरजच नव्हती. थर्मामीटरचा प्रवास हेच त्याचे धर्मप्रवचन होते. आज डॉक्टर नाडीला हात लावतो, हे मान्य. पण जो धर्म हातातून गेला तो पुष्कळदा जिभेवर येऊन बसला आहे.

विदर्भातील एका दवाखान्यात सिकलसेलच्या मुलीच्या बौद्ध आईला 'मागच्या जन्मीचे भोग आहेत, बाई' असे डॉक्टरने सांगितलेले मी ऐकले आहे. विदर्भात हा आजार आदिवासींत आणि बौद्धांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला तो होण्याची शक्यता 4 पैकी 1 असते. त्या आईला हे गणित कळण्याचा हक्क होता. तिच्या पदरात पाप घालण्यात आले, आणि तेही 1956 साली ज्या कर्मविपाकाला तिच्या समाजाने नाकारले, त्याच भाषेत! हे सांत्वन नव्हे. ही जुनीच शिक्षा आहे, फक्त आवाज मऊ आहे.

'रोग्यालाच देवाचे नाव हवे असते,' असा आक्षेप येईल. तो मी उडवून लावत नाही. मरणाच्या दारातल्या माणसाने बुद्धाचे, विठोबाचे वा अल्लाचे नाव काढले तर डॉक्टरने ते ऐकावे, खोडू नये. मधुमेहाच्या रोग्याला रोजा किंवा नवरात्राचा उपवास विचारावा, कारण औषधाची वेळ त्यावर ठरते. पण विषय रोग्याने काढणे आणि डॉक्टरने लादणे यांत फरक आहे. खाटेवरचा माणूस डॉक्टरला 'नको' म्हणू शकत नाही. जिथे नकाराला जागा नाही, तिथे संवाद नसतो, सत्ता असते. नास्तिक डॉक्टरने रोग्याच्या श्रद्धेची टिंगल केली तर त्यालाही हाच न्याय लागू.

व्यवसायाची आचारसंहिता काय म्हणते? 2002 च्या भारतीय नियमांतील प्रतिज्ञा, 1948 च्या जिनिव्हा घोषणेप्रमाणेच, धर्म, राष्ट्रीयत्व, वंश, पक्षीय राजकारण व सामाजिक दर्जा यांना रोग्याच्या आड येऊ देत नाही. या यादीत 'जात' हा शब्द नाही. ज्या देशात थर्मामीटरने असा प्रवास केला, त्या देशाच्या प्रतिज्ञेत तो असू नये, हा निव्वळ विसर म्हणायचा काय? उलट 2022 साली विद्यार्थ्यांना सुधारित चरक शपथ देण्याची शिफारस झाली. मूळ चरकसंहितेतील शिष्योपदेश गाई-ब्राह्मणांच्या कल्याणाची प्रार्थना शिकवतो आणि राजाच्या मर्जीतून उतरलेल्यांवर उपचार करू नये असेही सांगतो. सुधारणा करून शब्द गाळता येतात. पण शपथेसाठी तीच परंपरा का निवडली, हा प्रश्न गाळता येत नाही.

आपल्या आत्मकथनांनी पाणवठा आणि शाळा यांची साक्ष नोंदवली आहे. दवाखान्याची साक्ष अजून विखुरलेली आहे. काठियावाडच्या त्या शिक्षकाला लिहिता येत होते, म्हणून ती बाई आपल्यापर्यंत पोचली. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आता दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकावे, आणि लिहावे.