वैयक्तिक कारणास्तव

राजीनाम्याच्या पत्राला आपण साहित्य मानत नाही. पण नोकरदार माणूस आयुष्यात एकदा तरी हा प्रकार हाताळतो, त्याचे संकेत ठरलेले असतात आणि त्यातलं मुख्य वाक्य कधी बदलत नाही : ‘वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे.’ बोईसरमधल्या एका खासगी बँकेच्या शाखेत मी सहा वर्षं काम केलं. तेवढ्यात शाखेतून चौदा जण गेले. त्यांपैकी अकरा जणांची पत्रं मी वाचली होती, कारण इंग्रजी तपासून द्यायचं काम माझ्याकडे यायचं. अकराही पत्रांत कारण वैयक्तिक होतं. आणि अकराही जण स्टेशनकडे चालताना त्याच तीन गोष्टी बोलायचे : रात्री साडेआठचा कॉल, ग्रुपवर लाल अक्षरांत येणारी ‘झिरो’वाल्यांची यादी, आणि रविवारचा ‘कॅम्प’.

अकरा माणसांचं कारण एकच असेल, तर ते वैयक्तिक कसं? नोकरीबद्दलचं मराठी लेखन गेली काही वर्षं मी हा प्रश्न डोक्यात ठेवून वाचते आहे.

सुरुवात दिवाकरांपासून करता येईल. ‘पंत मेले – राव चढले’ या त्यांच्या नाट्यछटेचं नाव आता म्हणीसारखं वापरलं जातं. एकाचं मरण ही दुसऱ्याची बढती, हा नोकरीचा हिशेब त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दोन-तीन पानांत मांडला. त्यानंतर मराठी मनात ठाण मांडून बसला तो पु. ल. देशपांड्यांचा धोंडो भिकाजी जोशी. ‘असा मी असामी’ १९६४ चं. त्यातला कारकून स्वतःवर हसतो, आपण त्याच्यावर हसतो, आणि हसताना आपल्या घरातला कुणीतरी आठवतो. हे लेखन आजही ताजं आहे, यात वाद नाही. पण ते हसू कशावर उभं होतं, हे पाहिलं पाहिजे. नोकरी कंटाळवाणी होती, पण टिकाऊ होती. साहेबाची भीती होती, पण संध्याकाळी कचेरी सुटली की साहेबही सुटायचा. अशा जमिनीवर उभं राहून स्वतःची थट्टा करणं परवडतं.

आमच्याकडे तो विनोद आला, जमीन आली नाही. सोमवारचे विनोद, ‘अप्रेझल’चे विनोद, बॉसचे विनोद ग्रुपवर फिरायचे. ते पाठवणाऱ्यांत बॉससुद्धा असायचे.

ही जमीन कधी सरकली, ते आमच्या भागात तारखांनिशी सांगता येतं. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तारापूरचं अणुवीजकेंद्र सुरू झालं. बोईसरच्या एका पिढीने सरकारी नोकरी म्हणजे काय, हे या दोन दारांतून पाहिलं : क्वार्टर, पेन्शन, युनियन. १९९४ पासून नव्या खासगी बँका येऊ लागल्या. पुढे एमआयडीसीतल्या कारखान्यांची चालू खाती, कंत्राटी कामगारांची पगारखाती आणि वसाहतीतल्या निवृत्तांच्या मुदतठेवी यांच्यामागे त्या बोईसरलाही पोचल्या. आमच्या शाखेत शिपाई सोडला तर सगळेच मॅनेजर होते. कुणी रिलेशनशिप, कुणी सेल्स, कुणी डेप्युटी. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘कामगार’ या व्याख्येत व्यवस्थापक बसत नव्हता. न्यायालय हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघतं, हे खरं. पण न्यायालयापर्यंत जातो कोण? ‘मॅनेजर’ हा शब्द व्हिजिटिंग कार्डावर छापला की माणूस एकटा पडतो.

बाकीची भाषाही हेच काम करते. वसाहतीतले मुदतठेव मोडायला आलेले काका ‘लीड’ होतात. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी विकायला माझ्या एका सहकाऱ्याने नकार दिला. त्याच्या वार्षिक मूल्यमापनात याची नोंद झाली ती ‘दृष्टिकोन सुधारण्यास वाव’ अशी. वाक्य म्हणून ते नीट वाचा. नियम बँकेचा, घाई महिनाअखेरीची, धोका ग्राहकाचा. आणि दोष मात्र एका माणसाच्या स्वभावाचा. राजीनाम्यातलं ‘वैयक्तिक’ तिथेच तयार व्हायला लागतं. शेवटी माणूस ते फक्त स्वतःच्या हाताने लिहून देतो.

मग उलट दिशेचं लेखन कुठे आहे? जे एकट्याचं समजलं जातं ते सगळ्यांचं आहे, असं दाखवणारं? त्यासाठी मला जिल्ह्याबाहेर जावं लागलं नाही. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक याच मातीतलं. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. तलासरी, डहाणू, उंबरगाव या पट्ट्यातल्या वारल्यांच्या १९४५ च्या उठावाची ती हकीकत आहे. त्यात लग्नगडी भेटतो : लग्नासाठी कर्ज काढलं म्हणून सावकाराकडे राबणारा माणूस. लग्नाइतकी खासगी गोष्ट दुसरी कुठली? प्रत्येकाला वाटत होतं, आपण कर्ज काढलं, आपण फेडतो आहोत. बाईंचं पुस्तक वाचताना कळतं की ही एक व्यवस्था आहे, आणि ती प्रत्येक झोपडीत वेगवेगळं नाव घेऊन बसली आहे.

टार्गेट आणि वेठ एक नव्हेत. आमच्या हातात नेमणूकपत्र होतं, पगार होता, नोटीस देऊन बाहेर पडता येत होतं. वारल्याला मारहाण होती, आम्हाला कॉलवरचे अपमान होते. तुलना दुःखाची करू नये, लेखनाची करावी. उठावातली एक मागणी होती : पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. या मागणीत एकही विशेषण नाही. काम किती, दर किती, एवढंच. ती करणारा माणूस गुणी असला पाहिजे, मेहनती असला पाहिजे, अशी अट नाही. गवताचं वजन पुरतं.

ही कसोटी हातात घेऊन अलीकडच्या एका पत्राकडे वळते. ते मराठीत नाही, पण घडलं महाराष्ट्रात, पुण्यात. ईवाय या जगभर पसरलेल्या लेखापरीक्षण आणि सल्लागार कंपनीच्या जाळ्यातल्या फर्ममध्ये एक २६ वर्षांची सीए मार्च २०२४ मध्ये लागली आणि त्याच वर्षीच्या जुलैत वारली. तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरात सगळीकडे वाचलं गेलं. कामाचा ताण हा त्या पत्राचा आरोप; कंपनीने तो नाकारला. मी इथे निवाडा करत नाही, पत्र वाचते आहे.

त्या पत्राची ताकद तपशिलांत आहे. आई-वडील पदवीदान समारंभासाठी पुण्यात आलेले. मुलीच्या छातीत आवळल्यासारखं होतंय म्हणून डॉक्टरांकडे नेलं. झोप आणि जेवणाच्या वेळा यांवर त्यांनी बोट ठेवलं. समारंभाच्या दिवशीही ती दुपारपर्यंत काम करत बसली, सगळे उशिरा पोचले. स्वतःच्या कमाईतून आई-वडिलांना त्या समारंभाला आणायचं तिचं स्वप्न होतं. आणि अंत्यसंस्काराला कंपनीतलं कुणी आलं नाही. याहून वैयक्तिक काय असणार? पण आईने ते प्रमुखांना लिहिलं आणि इतरांच्या मुलांसाठी लिहिलं. आमच्या राजीनाम्यांनी जे केलं, त्याच्या नेमकं उलट. कंपनीच्या प्रमुखांचं म्हणणं असं होतं की, इतर कर्मचाऱ्यांना असतं तसंच काम तिलाही दिलं होतं. बचाव म्हणून मांडलेलं हे वाक्य शेजारी ठेवून पत्र पुन्हा वाचलं, तर ते पत्राची बाजू घेतंय असं वाटतं.

तरी एक गोष्ट मला खटकते. मुलगी शाळेपासून पहिली येणारी, कधी हार न मानणारी, असं ते पत्र सांगतं. आईने ते सांगणारच. तिला कोण काय म्हणणार? पण वाचणाऱ्या आपण सगळ्यांनी तेच उचललं. गुणी मुलगी गेली, म्हणून हळहळलो. बोईसरच्या शाखेतले अकरा जण गुणी होतेच असं नाही. दोघं सरळ आळशी होते. एकाला हिशेब जमायचा नाही. त्यांनाही रात्री साडेआठला सगळ्यांसमोर ‘तुझ्या घरी तुला कोण पोसतं’ असं विचारलं जाऊ नये, यासाठी त्यांना कुठल्या गुणवत्ता यादीत बसावं लागेल? तेव्हा राज्यात लागू असलेल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. त्यात हुशारांसाठी वेगळं कलम नव्हतं.

बँकेतल्या आणि वित्त कंपन्यांतल्या माणसांनी मराठीत लिहायला घेतलं, तर मला त्यांच्याकडून धोंडोपंतांचा विनोद नको आहे, आणि आदर्श कर्मचाऱ्याची शोकांतिकाही नको आहे. कॉल किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला, कोणता शब्द वापरला गेला, तो ऐकताना बाकीचे किती जण गप्प होते, पॉलिसी कुणाला विकली आणि त्याचं वय काय, एवढं लिहिलं तरी चालेल. चौदावा राजीनामा माझा होता. त्यातही तेच वाक्य आहे, कारण अनुभवाचा दाखला हवा होता आणि दुसरं वाक्य लिहिणाऱ्याला तो वेळेवर मिळत नाही, हे शाखेत सगळ्यांना माहीत होतं. नोकरीबद्दलचं पहिलं खरं लेखन त्या दाखल्याच्या भीतीतून सुटलेल्या माणसाकडूनच येईल असं दिसतं. निवृत्त झालेल्यांनी तरी सुरुवात करावी.